सिल्व्हर्टनचे दगडी चर्च: गाव उठले, मग हे कसे राहिले?

भटक्या_दक्षिणेचा:
नमस्कार. गेल्या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही ऑस्ट्रेलियातील ॲडलेडहून ब्रोकन हिल या खाणगावी गेलो आणि तेथून वायव्येस सुमारे २५ किलोमीटरवर असलेले सिल्व्हर्टन पाहून आलो. १८८५ च्या सुमारास चांदीच्या खाणींमुळे तीन हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात आता जेमतेम पन्नास माणसे राहतात. आखलेले रस्ते दिसतात, पण त्यांच्या दुतर्फा घरेच नाहीत. अशा मोकळ्या तांबड्या मातीत सेंट कार्थेजचे छोटेसे दगडी कॅथलिक चर्च एकटे उभे आहे. गावाबाहेर एका दगडी घराचे अवशेषही पाहिले. त्याच्या भिंती छातीइतक्या उरल्या आहेत, आणि जमिनीलगतच्या दगडाला हात लावताच पांढरट भुकटी बोटांना लागली. दोन्ही बांधकामे दगडाची असताना एक टिकले आणि दुसरे ढासळले, हे कसे? शिवाय वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात भिंतीला ओल येतेच कोठून?

खाणीतला_कंदील:
गाव उठण्याचे कारण जवळच होते. सिल्व्हर्टनच्या परिसरातील धातुशिरा समृद्ध होत्या, परंतु अरुंद आणि उथळ. १८८३ मध्ये चार्ल्स रास्प या कुंपणाची राखण करणाऱ्या माणसाने ब्रोकन हिलच्या टेकाडावर दावा नोंदवला आणि तेथे चांदी, शिसे व जस्त यांचा काही किलोमीटर लांबीचा साठा निघाला, तेव्हा माणसे तिकडे वळली. आपली घरेही त्यांनी सोबत नेली, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. खाणगावातील बहुतेक घरे लाकडी सांगाड्यावर पन्हळी पत्रे ठोकून उभारलेली असत. ती सुटी करून किंवा जशीच्या तशी गाड्यांवर चढवून बैल आणि गाढवे जुंपून नव्या गावी ओढत नेली गेली. त्या रखरखीत मुलखात चांगले लाकूड मुळातच कमी, आणि होती ती मुल्गाची (तेथील बाभळीची एक जात) झाडे खाणींच्या टेकूंसाठी आणि जळणासाठी तोडली गेली होती. त्यामुळे घर मागे सोडणे कोणालाच परवडत नव्हते. दगडी चर्च गाडीवर चढत नाही, म्हणून ते मागे राहिले. तुरुंगाची दगडी इमारतही अशीच राहिली. आता तेथे संग्रहालय आहे.

चुन्याची_घाणी:
वरील प्रतिसादातील इतिहास मान्य आहे, परंतु निष्कर्ष अर्धाच पटतो. दगड उचलता येत नाही हे कारण पुरेसे असते, तर धागाकर्त्यांनी पाहिलेले घरही शाबूत राहिले असते. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत वीस वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, दगडी भिंतीचे आयुष्य दगडावर कमी आणि छपरावर अधिक अवलंबून असते. घर सोडताना लोक भिंती नेत नसत, पण पत्रे, वासे, दारे आणि खिडक्यांच्या चौकटी नेत असत, कारण त्यांना दुसरीकडे मोल होते. छप्पर गेले की भिंतीचा माथा उघडा पडतो आणि मग थोडाच पण धो धो कोसळणारा पाऊस दरजांतील चुना किंवा माती धुऊन नेतो. चौकट गेली की वरच्या दगडांचा आधार जातो. चर्चवर मात्र छप्पर राहिले.

आता ओलीविषयी. ती भुकटी म्हणजे आपण ज्याला भिंतीला लोणा लागणे म्हणतो तोच प्रकार असावा. ऑस्ट्रेलियाच्या या कोरड्या पट्ट्यात जमिनीत क्षार पुष्कळ असतात. जमिनीतील थोडीशी ओलसुद्धा ते क्षार विरघळवून भिंतीत वर चढवते, कडक उन्हात पाणी उडून जाते आणि दगडाच्या छिद्रांत क्षारांचे स्फटिक वाढून त्याचा पृष्ठभाग आतून फोडतात. म्हणजे तेथे कोरडी हवाच भिंतीचे नुकसान पुरे करते. अशा भिंतीच्या दरजा सिमेंटने भरू नयेत. चुना मऊ असतो, ओल बाहेर सोडतो आणि दगडाआधी स्वतः झिजतो. सिमेंट ओल अडवते आणि मग झिजायची वेळ दगडावर येते. आपल्याकडच्या वाड्यांवर हा प्रयोग इतक्यांदा झालेला पाहिला आहे की, सिमेंटचे घमेले दिसले तरी आता मला धडकी भरते.

खाणीतला_कंदील:
छपराचा मुद्दा मान्य. त्याला पुष्टी देणारे उदाहरण ब्रोकन हिलमध्येच आहे. उंटांच्या तांड्यांवरील मुसलमान उंटवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे बांधलेली मशीद पूर्णपणे पन्हळी पत्र्याची असूनही आज उभी आहे, कारण स्थानिक इतिहास मंडळाने ती जपली. (या उंटांपैकी बरेचसे कराचीहून जहाजाने आले, कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती.) म्हणजे सोडून दिलेला दगड पडतो आणि सांभाळलेला पत्रा टिकतो.

चर्चच्या नावाबद्दलही थोडे. कार्थेज हा सातव्या शतकातील आयरिश संत, लिस्मोर येथील मठाचा संस्थापक. त्या काळच्या ऑस्ट्रेलियात कॅथलिक म्हणजे बहुतांशी आयरिश, तर खाणकामात मुरलेले इंग्लंडमधील कॉर्नवॉलचे लोक बहुधा मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे. त्यामुळे भरभराटीच्या खाणगावात एकाच वेळी दोन-तीन प्रार्थनास्थळे उभी राहत, आणि सिल्व्हर्टनमध्येही हे एकच चर्च नव्हते.

भटक्या_दक्षिणेचा:
दोघांचेही आभार. आपले प्रतिसाद वाचून त्या पडक्या घराची छायाचित्रे पुन्हा मोठी करून पाहिली. खिडकीच्या जागी नुसती खाच आहे, चौकट नाही. मात्र खाचेच्या दोन्ही अंगांना दगडांच्या मधोमध एकेक लाकडी ठोकळा चिणलेला आहे आणि त्यांतील एकात गंजलेला, वाकलेला खिळा अजून अडकलेला दिसतो. प्रत्यक्ष तेथे उभा असताना हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

चुन्याची_घाणी:
ते ठोकळे चौकट खिळ्यांनी बसवण्यासाठीच भिंतीत ठेवतात. खिळा वाकलेला असेल, तर चौकट कुजून पडलेली नाही. कोणीतरी पहारीने उचकटून नेली आहे.