डाऊन सिंड्रोम: सर्दी हटत नाही, आता मनगटही जाड वाटतंय. 'इम्युनिटी वाढवा' म्हणतात, काय करू?

ओवीची_आई (सातारा)

नमस्कार. आमची ओवी सातवं पूर्ण करेल आता. ट्रायसोमी २१, म्हणजे २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. हृदयाला छिद्र होतं, त्याचं ऑपरेशन तान्हेपणीच झालं, ती बाजू ठीक आहे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी चालू आहे.

पावसाळा लागला की थेट दिवाळीपर्यंत नाक वाहतं, कान फुटतो, छातीत घरघर. अँटिबायोटिकचा एक कोर्स संपतो न संपतो तोच दुसरा. सासूबाई म्हणतात गुळवेलीचा काढा दे. शेजारच्या काकूंनी कसलेसे इम्युनिटी ड्रॉप्स आणून दिलेत.

दुसरं म्हणजे, गेले काही महिने ती सकाळी उठल्यावर हातच वापरत नाही. पोळीचा तुकडा मोडत नाही, "भरव" म्हणते. शर्टाची बटणं स्वतः लावायची, आता नुसती हात पुढे करून उभी राहते. दहा-अकरा वाजले की पुन्हा खडू घेऊन चित्रं काढायला बसते. उजवं मनगट मला जाड वाटतं. दुखतं का विचारलं तर हसून "नाही". डॉक्टर म्हणाले या मुलांचे सांधे सैलच असतात, लाडावली असेल. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) केला, नॉर्मल आला. शाळेतल्या बाईंच्या मते आळशी झालीय. कुणाला असा अनुभव आहे का?

प्रमोद_काका

ताई, आमच्या पुतण्याला तुळस, आलं, गुळवेल यांच्या काढ्याने चांगला फरक पडला. गोळ्या-इंजेक्शनांच्या मागे लागू नका. गहू बंद करून बघा, निम्म्या तक्रारी जातील.

लॅबवाली_मिरज

ओवीची आई, आधी मनगटाचं बोलू. सर्दी आणि काढा थांबू शकतात, मनगट नाही.

माझी लेक पंधराची आहे, तिलाही डाऊन सिंड्रोम. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते, म्हणून रिपोर्ट वाचायची खोड आहे. डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवून वाचा. तुम्ही जे लिहिलंय, सकाळी हात नको, उन्हं वर आली की बरा, येणारी बटणं सुटली, मनगट जाड, ते जवळजवळ शब्दशः आमच्या घरातलं आहे. निदान व्हायच्या आधी तिला "हट्टी" अशी पदवी मिळाली होती.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना संधिवात होतो, आणि इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी अशी काहीशे मुलं मुद्दाम बोलावून सांधे तपासले, तेव्हा दर हजारी साधारण २० जणांना संधिवात निघाला. एरवीच्या मुलांत हा आकडा हजारी एकाच्या आसपास असतो. त्यातल्या बऱ्याच जणांचं निदान त्या तपासणीतच पहिल्यांदा झालं. कारण उघड आहे: ही मुलं "दुखतं" म्हणत नाहीत. ती एखादं काम करायचं सोडून देतात, आणि आपण म्हणतो, डाऊन सिंड्रोम आहे, चालायचंच.

हा आजार बहुतेकदा मनगटं आणि बोटांचे छोटे सांधे धरतो. आरए फॅक्टर, एएनए या संधिवातासाठी करतात त्या रक्ततपासण्या सहसा निगेटिव्ह. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या तपासण्या नॉर्मल असूनही सांधा आतून झिजत असू शकतो. तेव्हा तो नॉर्मल सीआरपी फाइलला लावून ठेवा, त्याच्यावर विसंबू नका. आणि सैल सांध्याचं म्हणाल तर सैल सांधा हवा तसा वाकतो. तो सकाळी आखडत नाही, आणि सुजत तर मुळीच नाही.

घरी एक करून बघा. तिला नमस्कार करायला लावा, तळवे पूर्ण चिकटलेले, कोपरं बाजूला वर. मग उलटा नमस्कार, हातांच्या पाठी एकमेकींना लावून, बोटं खाली. उजवं-डावं सारखं वाकतं का बघा. या मुलांचा चांगला सांधा इतका लवचीक असतो की दुखरा सांधाही पुस्तकातल्या मापात बसतो, म्हणून तुलना तिच्याच दुसऱ्या हाताशी. आणि सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर व्हिडिओ काढा. ओपीडीत नंबर लागेपर्यंत हात मोकळा झालेला असतो आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

दाखवायचं लहान मुलांच्या संधिवाततज्ज्ञांना. साताऱ्याहून पुणं जवळ. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात तर एक्स-रे काढतील, पण सुरुवातीला त्यात काही दिसत नाही. सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये सांध्याच्या अस्तराची सूज कळते. एक मात्र अडून मागा: सूज उतरवायला देतात त्या स्टिरॉइडचा पहिला डोस देण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं). हाडं-सांधे दुखणं कधी कधी रक्ताच्या कर्करोगातही असतं, या मुलांत तो इतर मुलांपेक्षा बराच जास्त दिसतो, आणि स्टिरॉइडने तो काही काळ झाकला जातो. घाबरवत नाही, पण आमच्या टेबलावर हा स्मिअर बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बालरोग_नगर

मिरजेच्या ताईंनी मनगटाचं नेमकं सांगितलंय. मी सर्दी आणि 'इम्युनिटी'बद्दल लिहितो, कारण रोज ओपीडीत हाच प्रश्न असतो.

वारंवार होणाऱ्या सर्दी-कानाचं निम्मं कारण नळजोडणीचं आहे. चेहऱ्याचा मधला भाग लहान, कानाची नळी अरुंद, घशाकडे जाणारी नळी आडवी आणि ढिली, त्यामुळे पाणी साचतं. ईएनटी (कान-नाक-घसा) डॉक्टरांकडून कानातलं पाणी आणि ऐकू येतंय का ते तपासा. घोरत असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणीही (स्लीप स्टडी). उरलेलं निम्मं रोगप्रतिकारशक्तीचं आहे. रोगाशी लढणाऱ्या पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी या मुलांत लहान असते, नव्या टी आणि बी पेशी (लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी, लसींना प्रतिसादही काहींना कमी मिळतो.

पण म्हणून सगळंच 'कमी' आहे असं नाही. इंटरफेरॉन हा विषाणू आल्यावर वाजणारा शरीराचा इशारा. तो ऐकणाऱ्या, पेशींवरच्या ग्राहकांची (रिसेप्टरची) सहा जनुकं आहेत, त्यातली चार २१व्या गुणसूत्रावर. या मुलांत त्यांच्या दोनऐवजी तीन प्रती, त्यामुळे इशारा संसर्ग नसतानाही मंद चालूच राहतो. २०१६ साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या होआकिन एस्पिनोसा यांच्या गटाने हे पेशींमध्ये दाखवलं. थायरॉइड, सिलियाक, टाइप वन मधुमेह, केस झडणं, पांढरे डाग, सांधे, ही शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली (ऑटोइम्युन) दुखणी या मुलांत जास्त का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. ओवीच्या थायरॉइडचं कारणही तेच असू शकतं.

प्रमोदजी, म्हणूनच इम्युनिटी 'चाळवणाऱ्या' वस्तूंना माझा विरोध आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याचे रुग्ण नोंदवले, त्यांच्यात आधीपासून ऑटोइम्युन आजार असलेले होते. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं, वाद आहे. पण थायरॉइड असलेल्या सात वर्षांच्या मुलीवर मी तो प्रयोग करणार नाही. गव्हाचंही तसंच: पोट फुगतं, वजन वाढत नाही अशी शंका असेल तर गहू खात असतानाच टीटीजी आयजीए आणि एकूण आयजीए या सिलियाकच्या (गव्हाच्या ग्लूटेनने होणाऱ्या आतड्याच्या आजाराच्या) रक्ततपासण्या करा. आधी गहू बंद केला तर तपासणी खोटी निगेटिव्ह येते आणि मग कधीच कळत नाही.

इम्युनिटीसाठी हमखास काही करायचंच असेल तर दरवर्षी फ्लूची लस, न्यूमोकोकलची झालीय का ते कार्डावर बघणं, आणि आयर्न, डी जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढणं. नीरस सल्ला आहे, माहितीये.

अरोरा_मराठी

मी डेन्व्हरजवळ अरोऱ्याला राहते, एस्पिनोसांची संस्था इथल्याच विद्यापीठात आहे. माझा मुलगा एकोणीसचा, त्याचे केस पूर्ण गेले होते. तो इंटरफेरॉनचा इशारा खाली आणणारं टोफासिटिनिब हे औषध त्यांनी १२ वर्षांवरच्या, त्वचेचे ऑटोइम्युन आजार असलेल्या डाऊन सिंड्रोमच्या लोकांना दिलं. पहिल्या दहा जणांचे निकाल त्यांनी प्रसिद्ध केलेत. बहुतेकांची त्वचा सुधारली, रक्तातली इंटरफेरॉनची खूणही उतरली. पण ते देखरेखीखालचं औषध आहे, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासतात. ओवीच्या वयासाठी नाही. इतक्यासाठीच लिहिलं की व्हॉट्सॲपवर 'डाऊन सिंड्रोमवर औषध सापडलं' असं फिरतंय ना, ते हे. डाऊन सिंड्रोमवरचं औषध नाहीये ते.

ओवीची_आई (सातारा)

सगळ्यांचे आभार. काल नमस्कार करून घेतला. डावा तळवा छान वळतो, उजवा मध्येच अडतो आणि ती खांदा वर ओढते. सकाळचा व्हिडिओ काढला, त्यात बशी दोन्ही कोपरांनी धरलीये, पाहून पोटात गोळा आला. पुण्याची अपॉइंटमेंट घेतलीये. काढा बंद. सासूबाई रुसल्यात, व्हिडिओ दाखवल्यावर गप्प बसल्या. खर्चाचं काही करता येईल का? आणि औषध काय देतात?

लॅबवाली_मिरज

केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना बघा, बौद्धिक अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळते, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि ओपीडी, तपासण्या, थेरपीही त्यात आहेत. सिव्हिलच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी केली की फॉर्मची वाट सापडते. फिजिओही तिथे फुकट मिळतो.

औषध म्हणाल तर एखाद-दुसऱ्या सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, नाहीतर मेथोट्रेक्सेट, म्हणजे प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारं औषध. आमच्या लेकीला त्याने फार मळमळायचं, या मुलांना ते औषध जरा जास्तच जाचतं, म्हणून डोस हळू वाढवतात, फॉलिक ॲसिड देतात, लिव्हर तपासत राहतात. जमलं नाही तर बायॉलॉजिकल इंजेक्शनं, त्याआधी टीबीची तपासणी करून घेतात. गोवर, कांजिण्यांच्या जिवंत लसी राहिल्या असतील तर औषध सुरू होण्याआधीच सांगा, नंतर देता येत नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पची (डोळ्याच्या आतला भाग मोठा करून बघायच्या यंत्राची) तपासणीही करून घ्या, डोळ्याची सूज लाल न होताही असते.

आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिलंच तर ते आठवड्यातून एकदा असतं, रोज नाही. वार ठरवा, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा, सासूबाईंनाही सांगा. मेडिकलवाल्याने चुकून "रोज एक" लिहून दिलं तर तिथेच काउंटरवर डॉक्टरांना फोन लावा.