डीएनए अहवालानंतरचे प्रश्न

डीएनए चाचणीने मूल कोणाचे हे कळते, तेव्हा वाद तेथेच मिटायला हवा, हे म्हणणे तर्काला धरून असले तरी प्रत्यक्षात तसे घडत नाही. रोमच्या सांद्रो पेर्तिनी रुग्णालयात आयव्हीएफ उपचारात, म्हणजे शरीराबाहेर तयार केलेले भ्रूण गर्भाशयात सोडताना, दोन जोडप्यांच्या भ्रूणांची अदलाबदल झाली (निमित्त म्हणे मिळत्याजुळत्या आडनावांचे!), आणि ऑगस्ट २०१४ मध्ये जन्मलेली जुळी मुले न्यायालयाने जन्म देणाऱ्या आईकडेच ठेवली.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात नेमके उलटे झाले. डिसेंबर २०२३ मध्ये एका गोऱ्या स्त्रीने कृष्णवर्णीय मुलाला जन्म दिला आणि आयव्हीएफमध्ये दुसऱ्याच जोडप्याचे भ्रूण आपल्या गर्भाशयात सोडले गेल्याची चूक तिला प्रसूतीच्या वेळीच उमगली. तिने बाळाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली नाहीत, आप्तमित्रांनाही त्याला पाहू दिले नाही. मात्र घरी मागवलेल्या चाचणीने शंका खरी ठरवल्यावर उपचार करणाऱ्या क्लिनिकला तिने स्वतःहून कळवले. परिणामी जनुकीय आईवडिलांनी ताब्यासाठी दावा लावला, आणि खटला हरणारच हे दिसत असल्यामुळे मे २०२४ मध्ये, पाच महिन्यांचे झालेले मूल तिने त्यांच्या स्वाधीन केले.

आयव्हीएफच्या प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या व्यक्तीने नाव आणि ओळखक्रमांक पडताळण्याची पद्धत अशा चुकांसाठीच आहे. ती पाळली न गेल्याची किंमत मात्र रुग्णांनी मोजायची, हे मला मुळीच पटत नाही. शिवाय डीएनए अहवाल एका बाळापुरताच बोलतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये या स्त्रीने क्लिनिकवर खटला भरला, तेव्हाही तिच्या स्वतःच्या भ्रूणाचे काय झाले, ते कोणाच्या गर्भाशयात सोडले गेले की काय, याचे उत्तर तिला मिळालेले नव्हते.