मदत हवी आहे: चौथीची कविता यमकापुढे सरकत नाही

खडू_डस्टर (सातारा): सोमवारपर्यंत हवंय. फळ्यावर एक ओळ दिली की पुढे सगळं 'छान-पान-कान'. वेगवेगळे प्रकार लिहून घ्यायचेत. काय करू?

कृष्णाकाठ: कुठले प्रकार? मुलं किती, तास किती मिनिटांचा?

वाईकर: हायकू घ्या, तीन ओळींची जपानी कविता. अक्षरं 5-7-5, दहा मिनिटांत हातावेगळं.

माणदेशी: दहा मिनिटांत होतं ते एका वाक्याचे तीन तुकडे. आणि 5-7-5 कशाला? जपानी मोजणीत दीर्घ स्वराचे दोन धरतात. 'टोकियो' तिथे चार (तो-ओ-क्यो-ओ), आपल्याकडे तीन.

वाईकर: मग मोजायचंच नाही का? आकडा नसला की पोरं निबंध लिहितात.

गडकरी_काका: सज्जनगड उशाला असताना हायकू? मनाचे श्लोक पाठ असतात, त्यांचं वृत्त भुजंगप्रयात शिकवा. ओळीत चार य गण (लघु-गुरू-गुरू), 12 अक्षरं.

माणदेशी: काका, चौथीला लघु-गुरू?

खडू_डस्टर: तिसरी-चौथी एकत्र, 23 मुलं, 40 मिनिटं. प्रकार कुठलेही चालतील.

कृष्णाकाठ: हे आधी सांगायचं ना, मॅडम! मोठा अभंग घ्या. अक्षरं 6-6-6-4, यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. गणिताची चौकटीची वही काढायला लावा, एका चौकोनात एक अक्षर. काना-मात्रेला वेगळा चौकोन नाही, जोडाक्षरालाही एकच. इथेच घोळ होतो, 'कृष्णेच्या'चे पाच चौकोन करतात, होतात तीन.

कृष्णेच्या काठाशी
ऊस डुले भारी
टोळी आली सारी
तोडणीला

यमक आधी शोधू देऊ नका, 'छान-पान' तिथूनच येतं. आधी पाहिलेलं साध्या वाक्यात सांगू दे, मग चौकोनात बसवायचं. शेवटचा चार अक्षरांचा चरण तुम्ही द्या, वरचे तीन त्यांनी लिहायचे. तिसरीला हादग्याच्या गाण्यासारखी साखळी द्या, दर ओळीत एकच नवा शब्द.

गडकरी_काका: शुद्धलेखनाचं काय? हल्ली ऱ्हस्व-दीर्घ कुणाला कळतं!

खडू_डस्टर: काका, ते नंतर. सातवं अक्षर आलं तर? 'गं', 'रे' घालून सहाही भरतात.

कृष्णाकाठ: 'गं-रे' कवितेत एकदाच, अशी अट घाला. जास्त झालं तर प्रत्यय तपासा. 'उसाच्या शेतामध्ये' सात, 'उसाच्या शेतात' सहा.

वाईकर: आणि पाच आली तर?

कृष्णाकाठ: रंग नाहीतर आवाज विचारा. 'ऊस डुलतो' पाच, 'काळा ऊस डुले' सहा.