‘लस होती, लोकच आले नाहीत’: इंदूरपुरतं तरी मला हे मान्य नाही

शुभदा, रामबाग

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळात आरोग्यावर व्याख्यान झालं. वक्ते अभ्यासू होते, पण बोलता बोलता म्हणाले, ‘करोनात लस होती, लोकच आले नाहीत.’ सभागृहात माना डोलल्या. मला ते वाक्य पटलेलं नाही. का, ते लिहिते. विरोधात असाल तर जरूर लिहा.

२०२१चा मे महिना आठवा. १ मेपासून देशात १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली, पण आधी कोविन या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवायचं आणि स्लॉट मिळाला तरच जायचं. सरकारी केंद्रावर जाऊन तिथल्या तिथे नोंदणी करायची मुभा या वयोगटाला २४ मेला मिळाली. कोविन सुरुवातीला इंग्रजीतच होतं. हिंदी, मराठी जूनमध्ये आल्या.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंचं नाव मी नोंदवायला बसले. नंबर मुलाचा, कारण घरात फोन एकच. मुलगा सांवेर रोडला कारखान्यात, तिथे फोन गेटवर जमा करावा लागे. ओटीपी गेटवरच्या खोक्यात येऊन पडायचा आणि काही मिनिटांत बाद व्हायचा. मुलगा सुटून घरी येईपर्यंत स्लॉट संपलेले. त्याच सुमारास माझ्या भाच्याने लॅपटॉपवर देपालपूरचा स्लॉट पकडला, गाडी काढली आणि लस घेऊन आला. त्याचं काम घरून चालू होतं. ताई रोज चार घरांत जात होत्या. आधी लस कोणाला मिळायला हवी होती?

मोबाइल-इंटरनेट नसलेल्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात केंद्राला विचारला होता.

मग २१ जून आला. केंद्राने लस स्वतः विकत घेऊन राज्यांना फुकट द्यायला सुरुवात केली, सगळ्याच केंद्रांवर स्लॉटची अट निघाली, आणि त्या एका दिवसात आपल्या इंदुरात दोन लाखांहून जास्त लोकांनी लस घेतली. महिनाभर आधी जे ‘आले नाहीत’, तेच हे लोक. ताईही त्यातच होत्या.

मिलिंद, विजयनगर

शुभदाताई, तुमच्या ताईंची अडचण खरी आहे, पण तुम्ही एका महिन्यावरून सगळ्याचा निष्कर्ष काढताय. मार्च आणि एप्रिल बघा. ६० वर्षांवरच्यांना १ मार्चपासून, ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना १ एप्रिलपासून लस मिळत होती. सरकारी केंद्रावर फुकट, आधार दाखवून तिथेच नोंदणी. तेव्हा कोणता ओटीपी आडवा आला? मी आमच्या कॉलनीत दारोदार फिरलो आहे. ‘बीपी आहे’, ‘नवरात्र होऊ दे’, ‘लस घेतल्यावर अमका गेला’, हीच उत्तरं. शिकलेली, पेन्शन खाणारी माणसं होती ती. जानेवारीत तर दवाखान्यांतले कर्मचारीसुद्धा कचरत होते.

आणि आपल्या इंदुरातलं टाटपट्टी बाखल विसरायचं का? १ एप्रिल २०२०ला तपासणीसाठी गेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर दगड आले. तिथे अॅप नव्हतं, पैसे नव्हते, नुसता अविश्वास होता.

जूनमध्ये रांगा लागल्या त्या एप्रिलमध्ये स्मशानात रांगा बघितल्या म्हणून. नंतर ३१ ऑगस्टपर्यंत इंदुरात सगळ्या पात्र लोकांना पहिला डोस दिल्याचं प्रशासनाने जाहीर केलं, २८ लाखांच्या वर माणसं. दहा लाखांपेक्षा मोठ्या वस्तीत हे देशात आधी कोणी केलं नव्हतं, असं तेव्हा सांगितलं गेलं. यंत्रणेने एवढं केलं त्याचंही श्रेय द्या.

निवृत्त सिस्टर, नंदानगर

मिलिंददादा, श्रेय घ्यायला मला आवडेल, मी त्या यंत्रणेतच होते. पण टेबलाच्या आतल्या बाजूने काय दिसायचं ते सांगते.

कोविशील्डची एक कुपी म्हणजे दहा डोस. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं, आणि वाया गेलेल्या प्रत्येक डोसचा वर हिशेब द्यायचा. त्यामुळे दुपारनंतर आम्ही माणसं मोजायचो. सात-आठ जमली तर फोडायची. दोघंच असली तर ‘उद्या सकाळी या’. आता संध्याकाळी येणारं माणूस कोण असतं? ज्याची दिवसाची मजुरी बुडता कामा नये तो. बांधकामावरचा, चोइथराम मंडीतला हमाल, घरकामाच्या बायका. सकाळी दहाला येणारे पेन्शनर कधीच परत गेले नाहीत. परत पाठवलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि मग कागदावर तो ‘अनिच्छुक’ होतो.

दुसऱ्या दिवशीच्या तापाचंही तसंच. तुम्हा-आम्हाला ताप म्हणजे पॅरासिटामॉल आणि रजा. मजुरीवरच्या बाईला म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडणं. ‘ताई, ताप येतो ना?’ असं विचारणारी बाई अफवांना बळी पडलेली नसते, ती घरखर्चाचा विचार करत असते. जूनच्या मोहिमेत आम्ही वस्तीत टेबल लावलं, अंधार पडेपर्यंत बसलो, काही मोहल्ल्यांत तर घरोघरी पिवळे तांदूळ देऊन बोलावणं केलं, लग्नाला करतात तसं. कुप्या भराभर संपल्या.

दगडांचं म्हणाल तर, ते डॉक्टर पुन्हा त्याच वस्तीत गेले आणि काम केलं. हेही लक्षात असू द्या.

मिलिंद, विजयनगर

सिस्टर, कुपीचं मला माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा राहतोच: मार्चमधले ते पेन्शनर सकाळी दहालाही आले नव्हते.

दवा बाजारवाला

लसीवर सगळे भांडताहेत, पण लस शेवटी फुकट मिळाली. खरी विषमता औषधांत होती, आणि ती मी गल्ल्यावर बसून पाहिली आहे.

एप्रिल २०२१मध्ये आमच्या बाजाराबाहेर रेमडेसिव्हिरसाठी, म्हणजे करोनाच्या दाखल रुग्णांना देत होते त्या इंजेक्शनसाठी, उन्हात रांगा. पाच दिवसांच्या कोर्सला सहा कुप्या लागतात, आणि कुपीवर कुठे २८०० तर कुठे ५४०० छापील किंमत. १७ एप्रिलला किमती उतरल्याचं जाहीर झालं, २८००चं इंजेक्शन ८९९ झालं, पण माल कुठे होता? जानेवारी-फेब्रुवारीत रुग्ण घटले म्हणून कंपन्यांनी उत्पादन कमी केलं होतं. ज्याची ओळख त्याला कुपी. बाकीचे काळ्या बाजारात, आणि काहींच्या नशिबी बनावट माल. आपल्या शहरातच पकडला गेला तो.

सगळ्यांत वाईट गोष्ट अशी की जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्येच सांगितलं होतं, दाखल रुग्णांत या औषधाने जीव वाचल्याचा पुरावा नाही. ज्याने मृत्यू खरोखर घटले ते डेक्सामेथासोन, एक जुनं स्टेरॉइड. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीत जून २०२०मध्ये सिद्ध झालं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने कमी. काही रुपयांची गोळी, माझ्याकडे खोक्यांनी पडून होती. तिच्यासाठी रांग लागली नाही. लोकांनी दागिने विकले ते रेमडेसिव्हिरसाठी. म्हणून मी म्हणतो, औषध पोचण्याच्या आधी खरी माहिती पोचायला हवी होती.

नेहा, सुदामानगर

काका, तुमची माहिती बरोबर असेल, पण रुग्णाच्या नातेवाइकाला हे ऐकवू नका. माझे बाबा दाखल होते. आत काय चाललंय कळत नव्हतं, फोन आला की एकच वाक्य, ‘इंजेक्शन आणा.’ चिठ्ठी दिली जायची, रुग्णालयाचं नाव नसलेली. मी म्हणायचं होतं का, की पुरावा नाही? आणि नसतं आणलं आणि बाबा गेले असते तर? माझी बांगडी गेली त्याचं दुःख नाही. पण ज्याने चिठ्ठी लिहिली त्याला पुरावा माहीत असायला हवा होता. माहिती पोचवायची होती ती त्याच्यापर्यंत, माझ्यापर्यंत नाही. आणि तुमची ती गोळी बिनकामाची होती जर ऑक्सिजनचा बेड मिळत नसेल तर. ती ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठीच आहे ना?

दवा बाजारवाला

हो बेटा, ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठीच. चिठ्ठी लिहिणाऱ्याबद्दल तू म्हणतेस ते योग्य आहे.

ओंकार, कायद्याचा विद्यार्थी

थोडं वरच्या पातळीवर. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने २ ऑक्टोबर २०२०ला जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की करोनाच्या लसी, औषधं, चाचण्यांवरचे पेटंटसारखे हक्क साथीपुरते बाजूला ठेवा. निर्णय जून २०२२मध्ये झाला, तोही फक्त लसींपुरता आणि बराच पातळ करून. औषधं आणि चाचण्या लांबणीवर टाकल्या, आणि फेब्रुवारी २०२४पर्यंत त्यावर एकमत झालंच नाही. नेहाताईंच्या शहरात कुपी नसण्याचं मूळ शोधायचं तर तिथेही शोधा.

मिलिंद, विजयनगर

ओंकार, इथे मी पूर्ण विरोधात आहे. रेमडेसिव्हिर आपल्याकडे सात कंपन्या परवाना घेऊन बनवत होत्या, पेटंट आडवं आलंच नाही. कोविशील्डही पुण्यात परवान्यानेच बनली. अडकलं ते उत्पादनाच्या अंदाजात आणि कच्च्या मालात. आणि आपण दुसऱ्यांना नावं ठेवतो, पण दुसऱ्या लाटेत आपणही लसीची निर्यात थांबवली. आफ्रिकेतले देश कोव्हॅक्समार्फत, म्हणजे गरीब देशांना लस पोचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय योजनेमार्फत, पुण्याच्याच लसीवर विसंबून होते. नोव्हेंबरपर्यंत ते बसून राहिले.

शुभदा, रामबाग

निर्यातीचं मान्य. पण मग मिलिंद, तुझंच बोलणं बघ. तिथल्या लोकांना कोणी ‘आलेच नाहीत’ म्हणालं तर तुला चालेल? नाही ना? मग इथल्यांना का म्हणायचं?

मिलिंद, विजयनगर

कारण इथे फुकट असूनही आले नाहीत असंही घडलं. तिसरा डोस १५ जुलै २०२२पासून सगळ्या प्रौढांना ७५ दिवस मोफत होता. आमच्या सोसायटीतले अर्धे गेले नाहीत.

निवृत्त सिस्टर, नंदानगर

तुमच्या सोसायटीचं तुम्ही सांगितलंत, खरंच असेल. त्यांना कोणी अडवलं नव्हतं, त्यांच्यासाठी ते वाक्य वापरा. मी एका आजींचं सांगते. जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर, पाय मोडल्याने खाटेवर. मार्चपासून सून विचारायला यायची, ‘घरी येऊन द्याल का?’ आम्हाला परवानगी नव्हती. खुर्चीत बसवून उतरवायला चार माणसं लागली असती. घरी जाऊन लस द्यायचं केंद्राने सप्टेंबर २०२१च्या शेवटी जाहीर केलं, त्यानंतर मी तो जिना चढले. आजींनी बाही आधीच वर करून ठेवली होती. ३१ ऑगस्टच्या त्या शंभर टक्क्यांत त्यांना कुठे धरलं होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.