ला मांचाची वाइन स्वस्त म्हणून सोडून द्यायची का?

वडगावकर:
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी नोकरीनिमित्त माद्रिदला आलोय. दुकानात रिओहाच्या (उत्तर स्पेनमधला नावाजलेला वाइनचा प्रदेश) बाटल्या डोळ्यांसमोर आणि ला मांचाच्या (माद्रिदच्या दक्षिणेचं कोरडं पठार) पार खालच्या फळीवर, 3 युरोच्या आत. एकीवर ‘सेन्सिबेल’ लिहिलंय, दुसरीवर ‘आइरेन’. ऑफिसातला एकजण म्हणाला, ती स्वयंपाकात ओतायची. खरंच इतकी टाकाऊ आहे का? पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत, त्यांना घेऊन पवनचक्क्या बघायला कोन्सुएग्राला जायचंय, तेव्हा तिकडची एखादी घ्यावी म्हणतोय.

रांजणवाले काका:
ऑफिसातल्या त्या गृहस्थाला माझा नमस्कार सांगा. मी ला मांचातल्याच सिउदाद रेआल शहरात सहा वर्षं काढली आहेत.

पहिलं म्हणजे सेन्सिबेल (तिकडे ‘थेन्थिबेल’ म्हणतात, जीभ दातांत धरून) म्हणजेच तेम्प्रानियो, लाल वाइनचं द्राक्ष. रिओहातलं द्राक्ष तेच, फक्त इथलं ऊन रांगडं. ‘नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक’ ही त्या लोकांची स्वतःच्या हवेबद्दलची म्हण. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पाऊस वर्षाला 300-400 मिलिमीटर.

आता आइरेन. हे पांढरं द्राक्ष कित्येक वर्षं क्षेत्राच्या हिशेबात जगातलं सर्वांत जास्त लावलेलं वाइनचं द्राक्ष होतं. आजही सुमारे 2 लाख हेक्टर आहे, जवळजवळ सगळं स्पेनमध्येच. तरी नाव कुणाला माहीत नाही, कारण त्यातली बरीच वाइन भट्टीत जाऊन ब्रँडी होते. दक्षिण स्पेनमधल्या हेरेस शहराच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ब्रँडीतला बराचसा माल मूळचा ला मांचातल्या तोमेयोसो गावाकडचा.

तोमेयोसोला मात्र जाच. घरांखाली चुनखडीचा कडक थर फोडून खोदलेली तळघरं आहेत आणि त्यांत पुरुषभर उंचीहून मोठे मातीचे रांजण, ‘तिनाहा’. खोदलेली माती टोपल्यांतून वर आणायच्या बायका. चालता चालता फुटपाथवर लोखंडी जाळ्या दिसतात, ते या तळघरांचे झरोके. रांजणात वाइन आंबवताना निघणारा वायू बाहेर जावा म्हणून. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा गटाराच्या समजलो होतो.

खरेदीचं सांगतो. आइरेन घ्याल तर चालू वर्षाची, चांगली गार करून. जुनी अजिबात नको, तिला वास धरून ठेवता येत नाही. लाल घ्याल तर ‘क्रियान्सा’ लिहिलेली: दोन वर्षं मुरवलेली, त्यातले किमान सहा महिने लाकडी पिंपात. 5-6 युरोंत मिळते.

निफाडची बाग:
काका, आइरेन लावतात कशी? आमच्याकडे वाय आकाराचा मांडव आणि 9 बाय 5 फुटांवर वेल, म्हणजे एकरी साडेनऊशेच्या वर. वर ठिबक आहेच.

रांजणवाले काका:
तुम्ही बघाल तर म्हणाल, बाग अर्धी मेलीये! जुन्या बागांत वेली अडीच-अडीच मीटरवर, एकरी साडेसहाशेच्या आसपास. तार नाही, मांडव नाही, गुडघ्याएवढं खोड आणि त्यातून पेल्यासारख्या वर निघालेल्या फांद्या. पानांचीच सावली घडांवर. सगळं गणित पाण्याचं: प्रत्येक वेलीला मुळं पसरायला जागा द्यायची. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत स्पेनमध्ये वाइनच्या बागांना पाणी द्यायलाच बंदी होती. क्षेत्राचा तो अवाढव्य आकडा या मोकळ्या जागेमुळेही फुगलाय बरं का. नंतर पाणी आलं, अनुदानं आली, आणि पुष्कळांनी आइरेन उपटून तेम्प्रानियो लावलं. दर मिळाला, पण जमिनीखालचं पाणी खोल गेलं. तुमच्याकडे वेगळं सांगायला नको.

निफाडची बाग:
नको. यंदा बोअर 400 फुटांवर आहे.

वडगावकर:
काका, आभार. पण बाबा पीत नाहीत, आणि कोन्सुएग्राहून तोमेयोसो लांब दिसतंय.

रांजणवाले काका:
मग कोन्सुएग्रा सोडा, काम्पो दे क्रिप्तानाला जा. पवनचक्क्या तिथेही आहेत, काहींची लाकडी यंत्रं अजून मूळची आहेत, आणि तोमेयोसो तिथून अर्ध्या तासावर. बाबांसाठी हॉटेलात ‘मोस्तो’ मागा: न आंबवलेला द्राक्षाचा रस, लहान ग्लासात, थंड. सोबत मांचेगो चीज, ते मेंढीच्या दुधाचं असतं हे आईला आधी सांगून ठेवा.