कुलरच्या मोटरचा जाम स्क्रू: स्वस्तातलं कोणतं हत्यार घ्यावं?

अमळनेरकर: मंडळी, आखाजी तोंडावर आलीय आणि आमचा पत्र्याचा कुलर अजून बंदच. मोटर बदलायचीय. पुढचे स्क्रू निघाले, पण मागच्या कोपऱ्यातला प्लसचा स्क्रू हलत नाही. तिथे हात जेमतेम जातो, लांब स्क्रू ड्रायव्हर तिरका लागतो आणि घसरतो. दोन-अडीचशेत भागेल असं काही सुचवा.

भुसावळचा फिटर: भाऊ, आधी जोर लावणं थांबवा. खाच शाबूत आहे तोवर काम सोपं आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे स्क्रू नुसता गंजत नाही, क्षार धरतो. त्या पांढऱ्या थरातून तेल आत उतरत नाही. प्लग काढा, खाच सुईने कोरा, व्हिनेगरचा बोळा तासभर ठेवा. पुसून कोरडं करा, मग डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारं फवाऱ्याचं तेल) मारून रात्रभर सोडा.

हत्यार म्हणाल तर झेड आकाराचा स्क्रू ड्रायव्हर स्वस्तात मिळतो. दांडा आडवा असल्याने फिरवायला जोर भरपूर मिळतो, पण टोक उचकतं, म्हणून वाकलेल्या जागी दुसऱ्या हाताचा अंगठा दाबून धरा. माझी पसंती मात्र पाव इंची बिट (बदलता येणारं सुटं टोक) बसणाऱ्या छोट्या चपट्या रॅचेटला. अडचणीच्या जागी दांडा थोडा थोडा मागेपुढे केला तरी स्क्रू फिरत राहतो, टोक खाचेतून काढावं लागत नाही. बिट स्क्रूच्या मापाचंच घ्या, बहुतेक दोन नंबरचं लागेल. एक नंबरचं बसल्यासारखं वाटतं आणि खाच खाऊन टाकतं. फिरवताना आधी किंचित आवळा. 'टक्' झालं की सोडवा.

धुळ्याची ताई: रॅचेट नसेल तर पाव इंची रिंग पान्यात तेच बिट घाला, घट्ट बसतं. शिलाई मशीनच्या खालचे स्क्रू मी असेच काढते. सहा एमएमच्या पान्यात जात नाही, सातच्यात ढिलं होतं.

शहादेकर: हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर कसा राहील?

भुसावळचा फिटर: दादा, हत्यार उत्तम. ठोका बसतो तेव्हा टोक दाबलंही जातं आणि फिरतंही, म्हणून घसरत नाही. पण त्याला खाली भक्कम आधार लागतो. मोटरसायकलच्या इंजिन कव्हरला जरूर वापरा. कुलरचा पत्रा चेपेल, शिवाय त्या कोपऱ्यात हातोडी फिरणार कुठे?

अमळनेरकर भाऊ, स्क्रू निघाला की तोच परत लावू नका. षटकोनी डोक्याचा स्टीलचा बोल्ट घ्या, आट्यांना ग्रीस लावा. पुढच्या वेळी बाजूने पाना घालून उघडता येईल.