हिवाळ्यात बॉल पायथनच्या पेटीतील आर्द्रता टिकत नाही

उत्तरवारा (मिनीॲपोलिस)

नमस्कार. माझ्याकडे बॉल पायथन या अजगराच्या जातीच्या सापाची एक तरुण मादी आहे. तिची पेटी काचेची, चार फूट लांब आणि दोन फूट रुंद आहे. झाकण जाळीचे असून त्यावर एका टोकाला उष्णतेचा दिवा ठेवलेला असतो. खाली ॲस्पेन लाकडाचा भुसा आहे. उन्हाळ्यात कोणतीही तक्रार नव्हती. परंतु घरातील हीटिंग सुरू झाल्यापासून पेटीतील आर्द्रता ३० ते ३५ टक्क्यांच्या वर टिकत नाही. पाण्याचा फवारा मारला की आकडा ८० पर्यंत चढतो आणि तासाभरात पुन्हा होता तेथे येतो. नुकतीच तिने टाकलेली कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघाली. शेपटीच्या टोकाशी तिचे एक कडे राहिले आहे आणि उजव्या डोळ्यावरील पापुद्राही सुटलेला दिसत नाही.

दुकानदाराने ५० टक्के पुरेसे असल्याचे सांगितले होते, तर अन्यत्र ८० टक्क्यांपर्यंत सल्ला दिलेला आढळतो. नेमका कोणता आकडा धरावा, मापक कोठे ठेवावे आणि सतत ओलावा ठेवल्यास पोटाकडील खवले कुजतात हे कितपत खरे आहे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

काळाकातळ (टोरांटो)

तुमची आणि आमची हवा जवळपास सारखीच असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. उणे १० अंश सेल्सिअसच्या हवेत, ती पूर्ण संपृक्त असली तरी, एका घनमीटरमागे सुमारे २.४ ग्रॅम एवढीच वाफ मावते. हीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता १८ ग्रॅमच्या पुढे जाते, वाफ मात्र तेवढीच राहते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता जेमतेम १३ टक्के. स्वयंपाक, आंघोळ आणि माणसांचा श्वास यांमुळे घरातला आकडा याहून थोडा वर राहतो, एवढेच. त्यात तुमच्या पेटीला जाळीचे झाकण आहे आणि त्यावर दिवा आहे. दिव्याखाली तापलेली हवा जाळीतून वर निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतील कोरडी हवा आत ओढली जाते. धुराड्याचे काम याहून वेगळे नसते. अशा पेटीत कितीही फवारे मारले तरी ते पाणी शेवटी तुमच्या दिवाणखान्यातच जाणार.

म्हणून फवाऱ्याची बाटली तूर्त बाजूला ठेवावी आणि पहिले काम झाकणाचे करावे. दिव्याभोवतीचा भाग मोकळा सोडून उरलेल्या जाळीपैकी तीन चतुर्थांश भाग ॲल्युमिनियमच्या पत्र्याने किंवा उष्णता सहन करणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने झाकावा. दिव्याजवळ प्लॅस्टिक अजिबात वापरू नये. चिकटपट्टी जाळीच्या बाहेरच्या बाजूनेच लावावी, कारण ती आत सुटली आणि सापाच्या अंगाला चिकटली तर काढताना खवले दुखावतात.

दुसरे काम भुशाचे. ॲस्पेन कोरड्या प्रदेशातील सापांसाठी ठीक आहे. ओले झाले की त्याला बुरशी लागते. त्याऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट (सोडणाचा बारीक भुगा) एकत्र करून त्याचा किमान आठ ते दहा सेंटिमीटरचा थर द्यावा. सिडार या सुगंधी लाकडाचा भुसा मात्र घेऊ नये, त्यातील सुगंधी तेले सरपटणाऱ्या प्राण्यांना अपायकारक असतात. पाणी वरून न शिंपडता चारही कोपऱ्यांत हळूहळू ओतावे, म्हणजे ते तळाशी पसरते, वरचा थर कोरडा राहतो आणि खालून वाफ सावकाश वर येत राहते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यातच आहे. उरलेले अर्धे जाणकार पशुवैद्य देतील.

आता आकड्याविषयी. हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो पाळण्यासाठी फार मोठ्या संख्येने परदेशी गेला. तेथे हिवाळ्याच्या महिन्यांत सहारावरून हरमॅटन नावाचा अत्यंत कोरडा वारा वाहतो. या काळातही साप उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत पडून राहतो आणि तेथील हवा बाहेरच्यापेक्षा बरीच दमट असते. तेव्हा हवामानाच्या तक्त्यातील आकडा पेटीला लावणे मला पटत नाही. बिळाचा आकडा लावावा. दिव्यापासून दूरच्या थंड बाजूला ६० ते ७० टक्के, कात टाकण्याच्या सुमारास त्याहून थोडे अधिक आणि लपण्याच्या एका खोक्यात ओले पिळलेले स्फॅग्नम शेवाळ, एवढे पुरते.

मापक थंड बाजूला, भुशापासून थोड्याच उंचीवर ठेवावे. दिव्याखाली ठेवलेल्या मापकाने घाबरून जाऊ नये. समजा थंड बाजूला २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे. तेवढीच वाफ असलेली हवा दिव्याखाली ३२ अंशांवर मोजली तर मापक सुमारे ४१ टक्के दाखवील. दोन्ही आकडे बरोबर असतात. अनेक जण हा दुसरा आकडा वाढवण्याच्या नादात पेटीचा चिखल करून ठेवतात.

काट्याचे गोल मापक असेल तर ते बदलून डिजिटल घ्यावे आणि तेही एकदा पारखून घ्यावे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थेंब थेंब पाण्याने ओलसर करावे, मात्र मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर शेजारी ठेवावे. खोलीच्या तापमानाला आतील आर्द्रता ७५ टक्के होते. मापकाने जो आकडा दाखवला असेल, त्यातील फरक पुढे नेहमी धरावा.

वैद्यकाका (पुणे)

मी पशुवैद्य आहे आणि माझ्याकडे सरपटणारे प्राणीही उपचारासाठी येतात. डोळ्यावरील पापुद्रा चिमट्याने ओढू नये, हे सर्वप्रथम सांगतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि प्रत्येक कातीबरोबर त्याचा वरचा थर निघतो. ओढताना खालचा जिवंत खवला निघाला तर डोळा गमावण्याची वेळ येते. बहुतेक वेळा आर्द्रता सुधारल्यावर पुढच्या कातीबरोबर राहिलेला पापुद्रा आपोआप निघतो. तसे झाले नाही, किंवा डोळा सुजला, तर प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी.

शेपटीवरील कड्याचे मात्र थांबून चालत नाही. ते वाळून आवळले गेले की रक्तपुरवठा खंडित होतो आणि शेपटीचे टोक मरते. हवेची भोके असलेल्या डब्यात कोमट पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल ठेवून सापाला अर्धा तास त्यातून फिरू द्यावे, मग ओल्या कापडाने कडे टोकाच्या दिशेने हलकेच सरकवावे. डबा नजरेआड होऊ देऊ नये.

खवले कुजण्याचे कारण हवेतील आर्द्रता नव्हे. साप ज्यावर पोट टेकून पडतो तो पृष्ठभाग सतत ओला, अस्वच्छ आणि थंड राहिला की जंतूंना वाव मिळतो. पोटाकडील खवले लालसर किंवा तपकिरी होणे, त्यांवर फोड येणे ही त्याची लक्षणे. म्हणून वरचा थर कोरडा ठेवण्याचा वरील सल्ला योग्य आहे. ओलाव्याबरोबर ऊबही हवी: थंड टोकाला २४ ते २७ आणि उबदार टोकाला ३१ ते ३२ अंश. थंड आणि दमट पेटीत श्वसनसंस्थेचा संसर्ग लवकर जडतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, शिट्टीसारखा आवाज, नाकपुड्यांशी बुडबुडे किंवा तोंडात चिकट स्राव दिसला तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी वैद्य गाठावा.

पागोळी (रत्नागिरी)

आमच्याकडे प्रश्न नेमका उलटा असतो. पावसाळ्यात घरातील आर्द्रताच ९० टक्क्यांच्या घरात असते, त्यामुळे जाळी झाकण्याऐवजी उघडी ठेवावी लागते, भुशाचा थर पातळ करावा लागतो आणि पाण्याचे भांडे लहान घ्यावे लागते. हा धागा वाचून येथे कोणी जाळी झाकायला घेऊ नये, म्हणून लिहिले. तसेच भारतातील वाचकांनी ध्यानात ठेवावे की वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नाग, धामण, अजगर असे आपल्याकडील साप घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या, साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टातील परदेशी प्रजातींची नोंदणीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते.

उत्तरवारा (मिनीॲपोलिस)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिठाच्या परीक्षेत मापकाने ७५ ऐवजी ६९ दाखवले, म्हणजे आजवर ते सहाने कमीच सांगत होते. जाळी झाकून आणि भुसा बदलून थंड बाजूला आता ६४ टक्के स्थिर आहे. शेपटीचे कडेही निघाले. दोन शंका उरतात. तळाचा थर कायम ओला राहिल्यास बुरशी येणार नाही का? आणि खोलीतच आर्द्रता वाढवणारे यंत्र लावले तर?

काळाकातळ (टोरांटो)

बुरशीसाठी स्प्रिंगटेल नावाचे बारीक कीटक भुशात सोडतात. ते बुरशी खातात आणि सापाला त्यांचा काही उपद्रव नसतो. शिवाय विष्ठा त्याच दिवशी आजूबाजूच्या भुशासह काढावी आणि थर अधूनमधून खालीवर करावा. पाणी दर आठवड्याला ओतण्याचा नियम करू नका. तळापर्यंत बोट घालून पाहावे, ओल लागली नाही तरच ओतावे. खोलीतील यंत्राने थोडा हातभार लागतो, परंतु तुमच्याकडील थंडीत ४० टक्क्यांच्या पुढे गेलात तर खिडक्यांच्या काचांवर पाणी जमून चौकटी खराब होतील. ते ३० ते ३५ वर ठेवावे आणि त्याची वाफ थेट पेटीत सोडू नये.